पेशकाराची नोंदवही

सोमवार. मेथीची दोन पानं. नाकारली.
मंगळवार. दाणे, सहा. वास घेतला, नाकारले.
बुधवारचा रकाना कोरा सोडला
आणि पेनाला टोपण लावून बसलो.
चौतीस वर्षं उदगीरच्या तहसीलीत काढल्यावर
नोंद केल्याशिवाय काळजीसुद्धा करता येत नाही मला.

हैदराबादहून सुवर्णानं आणला,
म्हणजे हट्ट तिचा, पैसे माझे.
पाण्याच्या पिशवीत, जुन्या रुपयाएवढा, हिरवा,
कानाजवळ लाल शाईची रेघ मारल्यासारखा.
बीदर येईपर्यंत ती पिशवीशी बोलत होती.
साहेब आले की मान आत घेणारा
आमच्या ऑफिसात एकच होता,
म्हणून नाव ठेवलं पेशकार.
तो एक कोण, हे घरात कुणी विचारलं नाही.

तेव्हा काय खायचा!
घर आमचं लिंगायताचं, आणि ह्याला सुकट.
डबा बाहेर, बंबाच्या मागं, वर वीट.
महानंदा नाकाला पदर लावून,
'आवं, हात धुवा आधी. दोनदा.'
करंगळीवर अजून खूण आहे,
अन्न कुठं संपतं आणि मी कुठं सुरू होतो
हे त्याला कळायच्या आधीची.

ह्या थंडीत सुकट तशीच तरंगली.
पाण्यावर तवंग. पाणी बदललं.
परत तवंग. परत बदललं.
'कामून बसलालाव त्याच्यापुढं?
भूक लागली की खाईल की.'
कुणाला म्हणाली कोण जाणे.
माझ्या ताटातली अर्धी भाकरी
हल्ली ती न विचारताच टोपल्यात परत ठेवते.

पशुवैद्यकीय कॉलेजात, म्हशींच्या रांगेत
मी बादली घेऊन उभा.
मागच्यानं वाकून पाहिलं.
'ह्याला दूध किती?'
सय्यद मॅडम मात्र हसल्या नाहीत.
मांडीजवळ बोट घालून चाचपलं,
तोंडात बॅटरी मारली,
वाढलेली चोच घासली कानशीनं,
सोनारानं घासावी तशी, जपून.
वजन एक किलो नऊशे. अंडी नाहीत.
'अंडी?'
'काका, ही मादी आहे.'

सत्तावीस वर्षं.
आता दुरुस्ती कुठल्या पानावर करू?

'म्हातारपणी रोज लागत नाही त्यांना.
दोन दिवसाआड द्या. सुकट कमी, पाला जास्त.
पाणी कोमट ठेवा, सकाळचं ऊन दाखवा.
आणि समोर बसून राहू नका.
कुणी बघत असलं की खात नाहीत काही काही.'

सुवर्णा पिंपरीहून फोनवर हसत सुटली.
'बाबा, मग नाव बदलायचं का?'
म्हटलं, पेन्शन सुरू झाल्यावर
नाव बदलायला लई कागद लागतात.

गच्चीवर टब. पत्र्याच्या सावलीची अर्धी बाजू.
मी जिन्यात, पायरीवर, पाठ करून.
शनिवार गेला. भोपळ्याची फोड फुगून फुटली.
रविवारी महानंदा पूजेचं तबक घेऊन वर आली,
जिनं इतक्या वर्षांत टबाला बोट लावलं नाही ती.
'घे ग बाई,' म्हणाली,
आणि एक जास्वंद सोडली पाण्यात.
परत जाताना मला ओलांडून गेली, बोलली नाही.

संध्याकाळी फुलाच्या दोन पाकळ्या नव्हत्या.
उरलेल्यांना कडेला तिकोनी दातेरी कापा.
चिमणीचं काम असेल.
चिमण्या जास्वंद खातात का, माहीत नाही.
पेन्सिलीनं लिहिलं: रविवार, जास्वंद, पाकळ्या दोन.
शेऱ्याच्या रकान्यात काहीच सुचेना.

खालून भांड्यांचा आवाज.
'आवं, किती वाढू?'
'एक,' म्हणालो.
मग थोड्या वेळानं,
'पण बघत बसू नको.'