लाइनमन, अंक एक ते एक्केचाळीस

तळघरात डीह्युमिडिफायर घोरतो आहे.
बाहेर अ‍ॅक्रनचा मार्च, अर्धा बर्फ, अर्धा चिखल,
आणि माझ्या मांडीवर, प्लास्टिकच्या पिशवीतून सोडवलेला,
साठ सेंटचा लाइनमन.

आमच्या घरी हे नाव ऐकून हसू यायचं.
आई म्हणायची, लाइनमन म्हणजे वीज मंडळाचा तो,
दिवे गेल्यावर तिसऱ्या दिवशी येतो
आणि चहा पिऊन जातो.
हा मात्र, कुणी नुसतं हॅलो म्हटलं
की तारेतून धावत यायचा,
दातांत पक्कड, अंगभर निळा,
रिसीव्हरच्या भोकांतून बाहेर सांडायचा.

वही घेऊन बसले आहे. बावन्नाव्या वर्षी
एकदा नीट परीक्षण करायचं, लाड न करता.

अंक पहिला: उगाच घाई. जन्मकथा चार पानांत उरकली.
अंक सहा: चित्रकाराला हात जमत नाहीत,
म्हणून सगळं शहर खिशात हात घालून
संकटाला सामोरं जातं.
अंक अकरा: अजूनही उत्तम. हिमवादळात तुटलेली तार,
पलीकडे एक म्हातारी,
आणि आठ चौकटी नुसत्या पांढऱ्या.
इथे मी नवव्या वर्षी रडले होते.
आज नाही. आज फक्त
पान उलटायला वेळ लागला.

अंक एकोणीस.
हा टाळत होते.
खलनायक महाराजा व्होल्ट:
कपाळात हिरा, बोटाबोटांत ठिणग्या,
रंग आमच्या विश्रामकाकांचा,
दाढी कुणाचीच नाही.
शाळेच्या बसमध्ये गॅरी केसलरनं
महिनाभर मला त्याच नावानं हाक मारली.
महाराजाच्या तोंडी त्याची भाषा दिली होती:
एक आडवी रेघ, आणि तिला लटकलेले
गळ, खुंट्या, वटवाघळं.
वाचून पाहिलं होतं मी. काही लागत नव्हतं.
मग निळं बॉलपेन घेतलं,
रेघेखालचं सगळं खोडलं
आणि मला जे पाठ होतं ते लिहिलं.

म्हणून या एका प्रतीत
महाराजा व्होल्ट धरणाच्या भिंतीवर उभा राहून,
शहर बुडवायच्या बेतात, गरजतो:
बे एके बे! बे दूने चार!

हे आठवत होतं.
हे आठवत नव्हतं:
‘दूने’वर बारीक लाल काट,
शेजारी उतरतं, नेटकं अक्षर: दुणे.

ही शाई टायर कंपनीच्या ड्रॉइंगांवर चालायची.
हे अक्षर या अंकांना रद्दी म्हणायचं,
जेवताना दिसले तर पालथे घालायचं.
मी पुढचे भराभर उलटते.
तेविसावा, काही नाही. चोविसावा, आमटीचा डाग.
पंचविसाव्यात, समासात, लाल:
एवढ्या झोळाला तार टिकणार नाही.

वर जाते. बाबा, शहाऐंशी वर्षांचे,
टॅबलेटवर कसलीशी कसोटी, आवाज बंद.
अंक पुढे धरते. चष्मा वर जातो, खाली येतो.
मी? असलं? छे.

एक षटक संपतं.
दुसऱ्याचे चार चेंडू.

बंद पडला ना तो?
हो, एक्केचाळीसला. खांबावरून हात सुटला,
उरलेलं पुढच्या महिन्यात म्हणाले,
पुढचा महिना आलाच नाही.

ते मान हलवतात,
कुणाच्या तरी चुकीच्या मापाकडे पाहावं तशी.
पडला नाही तो. कमरेला पट्टा होता.
आधीच्या पानावर बघ, तिसरी चौकट.
काळ्यात काळा काढलाय, गाढवानं.
दिवा जवळ धरावा लागतो.

मी जिना उतरते आहे, हातात टेबलावरचा दिवा,
मागे वायर पायरी पायरीवर आपटत येते.
खाली वही तशीच उघडी,
शेवटच्या अंकापुढे
मी मघाशी लिहून ठेवलेलं:
शेवट फसला.