डावखुऱ्याची सही

गुरुवारच्या पेपरात, चौदाव्या पानावर,
गवत कापायच्या यंत्राच्या जाहिरातीखाली
डेल व्होंद्राचेक गेला.
वय एक्क्याऐंशी. डावखुरा पिचर.
सात हंगाम, तीन संघ,
जिंकले त्याहून हरलेले सामने जास्त.
हे शेवटचं छापायची काही गरज होती का?

कात्री शोधली. डावखुऱ्यांची कात्री
एवढ्याशा घरातही वेळेला सापडत नाही.

एकसष्ट साली मी आठ वर्षांची.
अ‍ॅश्टाब्यूलाच्या गोदीवर बाबा लोखंडाची माती उतरवायचे,
घरी यायचे ते भुवयांसकट तांबडे होऊन,
आणि आंघोळीआधी रेडिओ लावायचे.
खांद्यावर टॉवेल, एक पाय न्हाणीच्या दिशेनं,
असे अख्खे दोन डाव उभे.
डेल चेंडू टाकायला आला की म्हणायचे,
"आला बघ, इर्मा, तुझा भाऊबंद."

घरात कुणी डावं-उजवं केलं नाही.
ते शाळेत झालं.
सिस्टर ल्युडमिला माझा हात
खुर्चीच्या दांडीला रिबिनीनं बांधायच्या.
निळी रिबीन. गाठ मात्र सुबक,
वाढदिवसाच्या खोक्याला मारतात तशी.
उरलेल्या हातानं मी लिहायचे ते अक्षर कसलं,
कोंबडीचे पाय.

त्याच पायांनी डेलला पत्र लिहिलं:
तुम्हाला कुणी बांधलं नाही का?

तीन आठवड्यांनी उत्तर.
"प्रिय इर्मा, तुझ्या सिस्टरना सांग,
बॅट घेऊन या म्हणावं माझ्यासमोर.
मग ठरवू कुठला हात चुकीचा."
खाली सही. 'डी'च्या पोटाखाली एक वळसा,
झोपलेल्या मांजरानं शेपूट ओढून घ्यावी तसा.

मी सांगितलं. जसंच्या तसं.
चार दिवस वर्गाबाहेर उभी होते.
पाचव्या दिवशी रिबीन नव्हती.

पुढं ते पत्र दोन लग्नांतून वाचलं,
तळघरात पाणी शिरलं त्यातून वाचलं,
एकतीस वर्षं बस डेपोतल्या माझ्या कपाटात
पान्यांच्या वरच्या फळीवर राहिलं.
नवा पोरगा आला आणि म्हणाला,
बाई, तुम्ही बोल्ट उलट्या हातानं का पिळता,
की मी कपाट उघडायचे.

शनिवारी तीन तास गाडी चालवत फिंडलेला गेले.
हॉलमध्ये बावीस माणसं. मोजली.
त्या काळी एका पायरीवर याहून जास्त बसायची.
पेटीत त्याचे हात एकावर एक ठेवलेले,
डावा खाली, उजवा वर.
माझे हात शिवशिवले. पण परक्याच्या नवऱ्याला
कोण हात लावणार?

ओपल चाकाच्या खुर्चीत होती.
मी पत्र पुढं केलं.
चष्मासुद्धा न लावता म्हणाली,
"हे तर माझं अक्षर."

"सगळ्यांना मीच लिहायचे गं.
सामना झाला की त्याचा हात बर्फाच्या बादलीत,
कोपराच्या वरपर्यंत, आणि हा खुर्चीत घोरतोय.
सिस्टरचं ते? तेही माझंच.
मला नर्सिंग शाळेत अशीच एक भेटली होती."

मी काय बोलणार.
कॉफीचा कप या हातातून त्या हातात घेतला.

तिनं कागद उजेडात धरला.
कडेला, जिथं शाई फुटून फिकी झालीय,
तिथं बोट ठेवलं.
"हा त्याचा. मध्येच जागा झाला,
कुणाचं आहे, वाच म्हणाला,
आणि ऐकता ऐकता ओला हात इथं टेकवला.
ओरडले मी त्याला."

सत्तावन्न वर्षं मी समजत होते,
तो माझ्याच रडण्याचा डाग.

मग तिनं पेन मागितलं.
मांडीवर त्याच्या फोटोचं कार्ड होतं,
जन्म आणि मृत्यू एका ओळीत छापलेलं.
ते उलटं केलं. नाव पुन्हा विचारलं माझं.
"प्रिय इर्मा" लिहून थांबली, बराच वेळ,
काही सुचेना तेव्हा खाली उतरली,
आणि उजव्या हातानं, थरथरत,
त्याची सही केली.
वळशासकट.