सतरावा आठवडा

ब्रेस्टच्या बंदरावर धुकं.
बोटी नुसत्या भोंग्यावरून ओळखायच्या.
तिसऱ्या मजल्यावर माझ्या हातात
अझेनोर केरब्राच्या गर्भजलाचे चार मिलिलिटर,
पेंढ्याच्या रंगाचे.

दात नाहीत, भूक नाही,
तरी आत कुणीतरी गिळतंय
स्वतःभोवतीचंच पाणी, घोट घोट,
आणि दोऱ्याएवढ्या आतड्यातली विकरं
पुन्हा त्याच पाण्यात सोडतंय.
जेवायला काही नाही,
पाटपाणी मात्र झालंय.

मी थेंब टाकते.
नळी पिवळी झाली, तर वाट मोकळी.
नाही झाली, तर

तिचा पहिला, यानिग, चार वर्षांचा होऊन गेला.
त्याच्या कपाळाचा मुका खारट लागायचा.
शेजारीपाजारी म्हणत, कोळ्याचं पोर,
खारट नाही लागणार तर काय.

अर्धा तास लावलाय घड्याळात.
खाली बाकावर ती बसलीय, कोट न काढता.
मघाशी तिनं मला विचारलं होतं,
त्याला कळतं का हो, आपण काय गिळतोय ते?
मी म्हटलं, ठाऊक नाही.
आकड्यांबद्दल विचारलं असतं तर बोलता आलं असतं.

घड्याळ वाजलं.
नळी उजेडाकडे धरते. पिवळी?
की धक्क्यावरचा दिवा लागलाय?

खिडकीकडे पाठ करते,
नळीमागे पांढरा कागद धरते,
पुन्हा बघते.