ॲनाची ओळ

केपेच्या चर्चमागच्या हॉलात पंखे बंद ठेवलेत,
चाल ऐकू यावी म्हणून.
घाम मनगटावरून पटात उतरतो.
काळी घरं बोटाला जरा उंच, पांढरी खाली,
घराघरात एक भोक.
मी वेताच्या खुर्च्या विणतो, भोकांशी जुनी ओळख.
फक्त बोटं राठ झालीत,
काळ्या मोहऱ्याच्या डोक्यावरची टाचणी
कधी कधी दोनदा चाचपावी लागते.

उभ्या ओळींना कुणी परदेशात माणसांची नावं दिलीत:
ॲना, बेला, सीझर, डेव्हिड, एव्हा, फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर.
सर म्हणाले, पाठ करा.
मला काय पाठ करायचं?
फेलिक्सची आरामखुर्ची मी दोनदा विणली आहे,
पैसे अजून यायचेत.
बेलाच्या भट्टीत पहाटे चारला पाव पडतात.
हेक्टर पोस्टातून निवृत्त, कुत्रा चावरा.
गुस्ताव आमच्या वाड्यावर कुणी नाही,
म्हणून तिथे मी माझा राजा ठेवतो.

समोर सुकांती वेळीप, खोतीगावची, वय चौदा.
चाल बोलते ती नारळ फोडावा तशी, एका घावात.
"घोडा, डेव्हिड चार."
मीही म्हणायचं, घोडा, डेव्हिड चार,
आणि तिचा घोडा माझ्या पटावर
माझ्याच हाताने माझ्या छातीशी रोवायचा.
नियम आहे.
मोहरं भोकातून उपसलं की शिवलं. मग माघार नाही.

अडीच तास.
बाहेर मासळीवाल्याचा भोंपू वाजून गेला,
कुणाचं तरी पोट गुरगुरलं, बहुतेक माझंच.
एव्हा अडवली. फेलिक्स, गुस्ताव, हेक्टर,
तिघांच्या दारात एकेक प्यादं बसवलेलं, राजा निवांत.
ॲनाच्या बाजूला बोट फिरवलंच नाही.
ॲनाचं घर सात वर्षं बंद आहे.
पोर्तुगालचे कागद करून ती स्विंडनला गेली,
किल्ली माझ्याकडे. पाऊस सरला की जाऊन
खुर्च्यांना बुरशी आली का, हात फिरवून बघतो.
तिथून कोण येणार?

"हत्ती, ॲना एक."

खोतीगावात कुणी ॲना नाही.
सुकांतीला ती कडेची ओळ, मोकळी.

घड्याळ कानात म्हणालं, चार मिनिटं.
मी राजाभोवती बोट फिरवलं.
माझीच तीन प्यादी दार अडवून बसलेली,
इमानाने.
मग नियमाप्रमाणे बोललो,
आवाज जरा मोठाच निघाला,
बंद घराला हाक मारावी तसा:
हत्ती. ॲना. एक.