बाविसावी वाघीण

डुलूथच्या टेकडीवर आमचं घर,
घराच्या पोटात तळघर,
आणि तळघरात बाबांचा घाट.
पाणी तापवायच्या टाकीला वळसा घालून
शंभर इंचांत अडीच इंच चढणारा,
प्लायवूडचा, प्लास्टरचा,
वर कॉफीच्या वाळवलेल्या चोथ्याची माती.

खऱ्या जगात खनिज भरून उतरतं,
रिकाम्या वाघिणी चढतात.
बाबांनी उलटं बांधलं.
गोदी खिडकीशीच हवी होती,
खिडकीतून सरोवराची राखाडी पट्टी दिसते,
आणि तळघराची खिडकी असते छताला टेकलेली.
म्हणून खाण खाली, गोदी वर.
"एकतीस वर्षं ब्रेक लावले," म्हणाले,
"आता जरा ओढून बघू."

इंजिन वीतभर.
वाघिणी बावीस, नंबर घातलेल्या,
प्रत्येकीत चिमूटभर खरंखुरं खनिज.
एकोणीस ओढायचं.
विसावी जोडली की टाकीमागच्या वळणावर
चाकं जागच्या जागी फिरायची,
गाडी मात्र तिथेच.

दोन हिवाळे हेच.
रूळ अल्कोहोलने पुसून झाले.
दोन चाकांना रबराची कडी घातली,
तर रबराने वीज अडवली
आणि इंजिन उचकी लागल्यासारखं चालू लागलं.
वळण रुंद करायला टाकीच हलवू म्हणाले,
तेव्हा आईने नुसतं पाहिलं.

उरलं वजन.
वजनाला हवं शिसं,
आणि शिसं होतं ऊर्होकाकाकडे:
मासेमारीच्या गोळ्यांचा अख्खा डबा.
काकाशी बाबा नऊ वर्षं बोलले नव्हते.
दोघांची बोट त्याने विकली होती
बाबांना न विचारता,
किंवा विचारून. अजून नक्की ठरलेलं नाही.

फोन मी केला.

काका आला, जिन्यावर बुटांचा बर्फ झटकला,
डबा घाटाच्या कडेला ठेवला.
"किती घालणार?"
"मावेल तेवढं."
"मावेल तेवढं नाही, रेइनो."
तो जन्मभर लोको शेडमध्ये फिटर.
"चाक घसरायला हवं.
इतकं लादलंस की ते घसरेनासं झालं,
तर मोटर अडेल.
अडलेली मोटर आतल्या आत जळते,
बाहेर कुणाला वासही येत नाही,
येतो तेव्हा उशीर झालेला असतो."
बाबा एक गोळी हातोडीने चपटी करत होते.
चपटी झाल्यावरही ठोकत राहिले.

मग आईच्या पिठाच्या काट्यावर शिसं मोजलं.
इंजिन पेन्सिलीवर तोललं,
नाक झुकलं की गोळी मागे,
शेपूट झुकली की पुढे.
दोन म्हातारे, एक भिंग,
आणि तासाभरात सगळी मिळून दहा-बारा वाक्यं,
सगळी ग्रॅममध्ये.

वीस चढल्या.
एकवीस चढल्या, टाकी ओलांडून,
बाबांचा हात हवेत ब्रेकच्या जागी गेला.
बाविसावी जोडली.
वळणावर चाकं फिरू लागली.
काका आल्यापासून पहिल्यांदा हसला,
"घसरलं. मोटर सुखरूप."

मग त्याने एका फळीला उतार दिला
आणि एकेक वाघीण वरून सोडली.
एकवीस घरंगळत खाली आल्या.
बाविसावी नावाला जागली,
फळीवरच बसून राहिली पंजे रोवून.
काकाने ती उलटी केली, कानाशी धरली,
चाकाला नखाने टिचकी मारली.
"आस वाकलाय. एकटी तिघींइतकी ओढ घेते.
आणि तुम्ही इंजिनाला शिव्या घालताय."
"कुणी घातल्या?"
"दिसतंय तोंडावर."

वाघीण त्याने कोटाच्या खिशात टाकली,
खनिज सांडलं अस्तरात.
"घरी लेथ आहे. गुरुवारी आणतो."
बाबा रुळांकडे पाहत म्हणाले, "गुरुवारी बर्फ सांगितलाय."
"मग शुक्रवारी."
"गुरुवारी मी रस्ता साफ करून ठेवीन."

दार लागलं.
खाली एकवीस वाघिणी पुन्हा गोदीकडे निघाल्या.
आई वरून ओरडली,
काटा आणा आधी,
आणि नीट धुऊन आणा,
शिसं आहे, उद्या मला पाव करायचाय.