चावलेली फीत

बँडचं नाव सांगत नाही.
म्हातारी माणसं आहेत, त्यांनाही नातवंडं असतील.

केमीहून ओऊलू, गाडीनं दीड तास.
आउलिक्कीनं थर्मासमध्ये कॉफी घेतली होती,
आणि मी, काही कारण नसताना, ती कॅसेट,
जी वाजवायला आता घरात यंत्रही नाही.

अठ्ठ्याऐंशी साल. टपालाच्या गाडीत, सकाळच्या फेरीला,
तिसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात
टेपरेकॉर्डरनं फीत चावली.
चुरगळलेला तुकडा मी कात्रीनं काढला,
उरलेली टोकं नेलपॉलिशनं चिकटवली.
तेव्हापासून त्या गाण्यात दोन ओळी नाहीत.

नदी गोठली तेव्हा –
खुट्ट –
आईला सांगू नकोस.

सदतीस वर्षं मी त्या खुट्टमध्ये ये-जा केली.
कधी तिथे एक मुलगा बर्फाखाली गेला,
कधी कुणी रातोरात स्वीडनला पळालं,
कधी नुसतं घोड्याचा पाय घसरला, बाकी काही नाही.
घटस्फोटाच्या वर्षी तिथे काय घातलं होतं
ते लिहीत नाही.
पुढे सीडी आली. मी घेतली नाही.
कुणी विचारलं तर सांगते, महाग होती.

हॉकीच्या मैदानावर, बर्फावरच फळ्या टाकलेल्या.
तळव्यांतून गारवा चढत गुडघ्यांपर्यंत आला
तरी मंच रिकामाच. पन्नास मिनिटं.
मग ते आले.
गायकाचं जाकीट तेच, फक्त आता मिटत नव्हतं.
ड्रमवर कुणाचा तरी जावई.
पायाशी पडदा, पडद्यावर त्याच्याच गाण्यांचे शब्द,
आणि तो चष्मा न लावण्याइतका अजून देखणा.

"कसं काय, रोवानिएमी!" तो ओरडला.
"ओऊलू रे, ओऊलू," मागून एकजण म्हणाला,
रागानं नाही, चुकलेल्या पाहुण्याला दार दाखवावं तसं.

सगळी गाणी दोन पट्ट्या खाली आणलेली,
म्हाताऱ्याची खाट तळमजल्यावर आणतात तशी.
बास एवढा, की शब्द कानाऐवजी बरगड्यांना ऐकू यायचे.
मध्येच त्यानं बाटली तोंडाला लावली
आणि आवाज चालूच राहिला,
तरुण, स्वच्छ, घोट न घेणारा.
कुणी हसलंही नाही.
दुरून साजरे दिसायला
आमच्या सपाट मुलखात डोंगरही नाहीत;
आम्हाला एवढंच होतं.

मग तिसरं गाणं.
दुसरं कडवं जवळ आलं तशी मी आउलिक्कीचं कोपर धरलं.
नदी गोठली तेव्हा –
आणि त्यानं माइक आमच्याकडे वळवला.
विसरला असेल. पडदा दिसला नसेल. किंवा नुसतीच सवय.
सातशे माणसं एकदम गायली.
सगळ्यांना येत होतं. त्या मागच्या माणसाला येत होतं.
आउलिक्कीला येत होतं, डोळे मिटून,
हनुवटीवर बिअरचा फेस.

मी कानांत बोटं घातली.
अठ्ठावन्न युरोंचं तिकीट काढून,
कानांत बोटं.
दिसत होती फक्त तोंडं, उघडणारी, मिटणारी,
बर्फाच्या भोकाशी हवा खायला आलेल्या माशांसारखी,
आणि मंचावर एक म्हातारा,
माइक पुढे धरून,
आपलंच गाणं कुणीतरी सांगावं म्हणून उभा.
त्या क्षणी तो मला पहिल्यांदाच आवडला.
लगेच पुढच्या ओळीत शिरला, चुकीच्या ठिकाणी,
आणि ते आवडणं संपलं.

परतीला आउलिक्की हिशोब करत होती:
तिकीट, पेट्रोल, पार्किंग, त्यापेक्षा सौनाची शेगडी झाली असती.
खरंच वाईट होते, ती म्हणाली.
वाईट होते, मी म्हणाले.
ई नावाच्या गावापाशी
(आमच्याकडे एका अक्षरात मावणारंही गाव आहे)
ती गुणगुणायला लागली.
तिसरं गाणं. बरोबर पट्टीत, वरच्या.
पहिलं कडवं. धृपद.
दुसरं कडवं –

"रेनडिअर!" मी म्हणाले आणि ब्रेक दाबला.

थर्मास पुढे घरंगळत आला.
दिव्यांच्या उजेडात रस्ता
लांबपर्यंत मोकळा होता.