एंगेज

दोन महिने आमच्या गावात ऊन येत नाही.
डोंगर एवढे उंच आणि सूर्य एवढा खाली,
की जानेवारीच्या शेवटी एके दुपारी
समोरच्या छपरांवर पिवळी रेघ उमटते
आणि अख्खं ईसाफ्योर्दुर पॅनकेक भाजून कॉफी पितं.
ती रेघ यायला एकोणीस दिवस होते,
तेव्हा मॉडेम आला.

काकाने रेक्याविकहून पाठवलेला, जुना, झाकणाला चीर.
आधी टूऽऽ, मग किरकिर,
मग पातेल्यात पातेलं घासल्यासारखं काहीतरी,
आणि एकदम शांतता.
त्या शांततेत मी, तेरा वर्षांची हाल्बेरा,
एका तळघरात बंदूक घेऊन उभी असायचे.

तळघर स्वीडनमध्ये होतं. म्हणजे ते चालवणारं यंत्र.
माझी गोळी समुद्राखालून जायची,
अर्ध्या सेकंदाने पोचायची,
तोवर ज्याला मारायचं तो कोपऱ्याआड.
पहिला आठवडाभर मी फक्त मेले.
माझ्या पडद्यावर अजून धावत असायचे,
तिकडे केव्हाच आडवी.
बातमी उशिरा यायची, एवढंच.

मग ग्दिन्याच्या एका मुलाने शिकवलं.
खेळात तो 'खिळा', घरी बोगुमिव.
त्याची लाइन माझ्याहून खराब.
मोडक्या इंग्रजीत त्याने टाइप केलं:
आहे तिथे मारू नको. असेल तिथे मार.
मी रिकाम्या दारांवर गोळ्या झाडू लागले,
रिकाम्या जिन्यांवर,
आणि माणसं आपल्या पायांनी येऊन
माझ्या गोळ्यांवर आदळू लागली.

आई कोळंबीच्या कारखान्यातून यायची,
बोटं सुजलेली, मावशीला फोन लावायला रिसीव्हर उचलायची
आणि कानात ती किंचाळी.
'हाल्बेरा!'
एका हाकेत लाइन तुटायची.
मी तिकडे जिन्यावर पुतळा.
बोगुमिव त्या पुतळ्याभोवती पहारा द्यायचा,
असं त्याने नंतर सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

बिल आलं. आईने ते फ्रिजवर चिकटवलं,
बोलली काहीच नाही. बोलली असती तर बरं.
मग नियम झाला: रात्री अकरानंतर, एक तास,
अंडी उकडायचा टायमर लावून.

बाबा ट्रॉलरवर. तीन आठवड्यांनी
मासे विकायला कुक्सहाफेनला लागायचे
आणि तिथून फोन करायचे.
त्या रात्री आई रात्रपाळीला होती.
आम्ही आठजण तळघरात, मी पहिल्या नंबरावर,
टायमर उशीखाली दाबलेला.
सकाळी दूध पिताना आठवलं, काल मंगळवार होता.

आठ दिवसांनी ते आले.
बूट मिठाने पांढरे. मी माफीचं वाक्य
पाठ करून ठेवलं होतं, ते घशातच राहिलं.
'चारदा लावला,' बाबा बूट काढता काढता म्हणाले.
'बंदरावरच्या बूथमधून. मागे तिघांची रांग.
दर वेळी एंगेज.'
मी फरशीकडे बघत राहिले.
'बरं वाटलं.'
दुसरा बूट निघेना, तो त्यांनी ओढला.
'शेजारच्या गावावर बर्फाचा कडा आला ना,
तेव्हापासून नुसती रिंग वाजत राहिली
की पोटात खड्डा पडतो माझ्या.
एंगेज म्हणजे घर जागेवर आहे,
आणि त्यात कोणीतरी बडबडतंय.'
उरलेल्या नाण्यांचं त्यांनी मशीनमधून चॉकलेट घेतलं होतं.
खिशात बसून बसून ते चपटं झालेलं.

रात्री मला हे सगळं बोगुमिवला सांगायचं होतं.
टाइप केलं, खोडलं, परत केलं.
शेवटी पाठवलं एवढंच: बाबा आले.
बराच वेळ काही नाही.
मग उत्तर: पळ, तुझ्या मागे कोणीतरी आहे!

आणि मी खुर्चीतच, खरोखरची, वळून पाहिलं.

दारात बाबा उभे होते, लोकरी मोज्यांवर.
त्यांना कारखान्यात आईला फोन लावायचा होता.